घड्याळजी नदीवरून परत येतो

उंद्री, मंगळवार, २१ जानेवारी १९६४

अजून राग गेलेला नाही. दुपारी तूर निवडता निवडता बायांना वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवत होते. मूळ जर्मन, मराठीत आणलेली. शेवटी लंगडा घड्याळजी नदीत उडी घेतो. का? पाय वाकडा म्हणून? दुसरं कारण लेखकाला सुचलंच नाही. मागच्या जर्मन गोष्टीतली पांगळी पोरगीही अशीच मारली होती.

काशीकाकू म्हणाली, "सुटला बिचारा!" मग तिची नजर माझ्या कुबडीवर गेली आणि सगळ्याजणी खाली मान घालून तूर निवडू लागल्या.

मी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, तरी वाचतच राहिले. घड्याळजीला पाणी गार लागलं, तसा तो काठावर चढून घरी परतला आणि म्हणाला, भूक लागली.

"मंग त्याचं लगन झालं काय वं?" काकूनं विचारलं.

"झालं. पुढच्याच महिन्यात."

खोटं वाचलं का मी? असेल. आत्ता ते सगळं त्या कोऱ्या पानावर शाईनं लिहून काढलंय, लग्नासकट. शाई वाळेपर्यंत पुस्तक मिटू नये म्हणून वर कुबडी ठेवलीय. वाचनालयवाले ओरडले तर ओरडोत. यापुढे हे पुस्तक जो नेईल, त्याच्या घरी घड्याळजी मरणार नाही.