फाटकापाशचा बोर्ड

चि. ओजस,

मिनेसोटातलं हे शेत विकून मी तुझ्याकडे कॅरी शहरात यावं म्हणून तू मला न विचारता एजंटकडून फाटकापाशी विक्रीचा बोर्ड लावून घेतलास.

आज सकाळपासून पाऊस आहे. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा रेनकोट चढवला, ओव्याची पानं खुडली आणि भजी तळली. लहानपणी कढईतलं पहिलं भजं तू पळवायचास आणि बाबा तुलाच पाठीशी घालायचे. आज पहिलं भजं मी खाल्लं. जीभ भाजली, पण मजा आली.

मग तुझा बोर्ड उपटला आणि कोंबड्यांच्या गळक्या खुराड्यावर ठोकला. आता आत एकही थेंब येत नाही.

हे पत्र पाठवत नाही. बोर्ड कुठे गेला म्हणून तुझा फोन येईलच. तेव्हा सांगेन, कोंबड्यांना विचार.

कुठेही न जाणारी,
तुझी आई