‘सोड’ म्हणाले तेव्हा

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता हावड्याच्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. ओतकामाचे जड तुकडे उचलून पलीकडे ठेवणारा एक यांत्रिक हात आम्ही बनवलाय आणि त्याच्या मोटारीची जोडणी माझ्याकडे आहे. तुम्ही असता तर आधी वायरिंग बघायला मागितलं असतं.

शाळेत घालण्याआधी तुम्ही मला स्वयंपाकघरातच शिकवायचात. आई पोळ्या लाटते आहे, पाटावर खेळण्यातली मोटार, तिच्या दांड्यावर पुठ्ठ्याचा पंखा. बॅटरी काढून तारा मोकळ्या ठेवल्या की पंखा आपल्या वेगानं फिरत फिरत मंदावतो. त्याच दोन तारा एकमेकींना टेकवल्या की जागच्या जागी थबकतो. पहिल्याला तुम्ही म्हणायचात ‘सोड’, दुसऱ्याला ‘धर’. मी दर वेळी धरायचे. एकदा तुम्ही माझ्या हातातून तारा काढून घेतल्यात. "अगं, सगळं तू म्हणशील तिथेच थांबायला हवं का? सोड की!" मी रडले. "मोटारीपायी पोरीला रडवताय," आई म्हणाली.

अजूनही मी धरतेच. यंत्र चालवायची दांडी हातातून सुटली की स्प्रिंगनं मधोमध येते आणि मोटार थांबते. कशी थांबायची, ते शेजारचा खटका ठरवतो: वर ‘धर’, खाली ‘सोड’. मी तो वरच ठेवला होता. दांडी चालवणारे मिस्त्री माझ्या दुप्पट वयाचे. ते रोज म्हणायचे, "दीदी, इतना झटका काहे को? थोड़ा घूमने दो ना." मला वाटायचं, मोकळा सोडलेला हात कुणाला लागला तर?

मंगळवारी चाचणी होती. मालक समोर उभे. हात वळत असताना मला दिसलं की तुकडा पकडीतून सरकून अगदी कडेला आलाय. आता झटका बसला तर तो उडणार. खटका खाली करा, असं सांगायचं होतं, तोंडातून घरचा शब्द गेला, "सोड!" मिस्त्रींनी दांडी टाकली आणि दोन पावलं मागे उडी मारली. हात गचकन थांबला आणि ते उभे होते नेमक्या तिथेच तुकडा आदळला. फरशीचा टवका उडाला.

त्यांना ‘शोर’ ऐकू आलं होतं. बंगालीत त्याचा अर्थ बाजूला हो, तोही अरे-तुरेतला. "बाप रे दीदी, सीधा तुई-तोकारी!" ते हसत होते. "लेकिन पाँव बच गया." मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं.

खटका चुकीच्या बाजूला ठेवला होता, हे मी त्याच संध्याकाळी मालकांना लिहून दिलं. ते म्हणाले, "बदलून टाका, झालं." आता खटका खाली असतो. हात वीतभर पुढे जाऊन शांतपणे थांबतो आणि मला ते बघवतं, अण्णा, अगदी छान बघवतं.

मिस्त्रींना मात्र खरं सांगितलेलं नाही. त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी डब्यातून नारळाचे लाडू पाठवले, पाय वाचवणाऱ्या दीदीसाठी म्हणून. सांगायचं ठरवूनच डबा उघडला होता. तीन खाल्ले.