देजो आणि देजा

सर, तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली. तुमच्या शोकसभेत मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि माझं नाव पुकारायच्या आतच उठून निघाले. चार चांगले शब्द बोलायची माझी तयारी नव्हती आणि खरं बोलायची तिथे सोय नव्हती. आज लिहिते आहे. तुम्ही उत्तर देऊ शकत नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं आहे, कारण तुमचं बोलून झालेलं आहे आणि मी ते शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आहे.

वर्ध्याच्या आपल्या कॉलेजात मराठीच्या जागेसाठी मुलाखत होती. मधल्या खुर्चीत तुम्ही, पुण्याकडून आलेले प्राचार्य, आणि दोन्ही बाजूंना समितीतले दोघे. मी नागपूरहून एम.ए. झालेली, पुलगावच्या गिरणीतल्या कामगाराची मुलगी. पहिल्या तीन प्रश्नांना मी चांगली उत्तरं दिली, हे तुम्हीही मान डोलावून कबूल केलंत. मग तुम्ही विचारलंत, शिकवायचंच का आहे? त्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "मले लहानपणापासून..." एवढं तोंडून गेलं आणि मी थांबले. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "बाई, मराठी शिकवायला येताना जीभ धुऊन यावी." दोघे हसले. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

बाहेर कडुनिंबाखाली माझे बाबा उभे आहेत. पाळी बदलून घेऊन आले आहेत, हातात गोरसपाक बिस्किटांचा पुडा आहे, शिपायापासून सगळ्यांना वाटायला आणलेला. "काय म्हणे साहेब?" ते विचारतात. मी म्हणते, पुढे कळवतो म्हणाले. ते पुडा न फोडता पिशवीत टाकतात आणि आम्ही गाडी पकडतो. खरं कारण मी त्यांना मरेपर्यंत सांगितलं नाही. कसं सांगणार? ते 'मले' मला त्यांच्याच तोंडून मिळालं होतं.

तुम्ही मला मग ग्रंथालयात चिकटवून घेतलंत. पुस्तकांवर नंबर टाकायला धुतलेली जीभ लागत नाही. येता-जाता तुम्ही विचारायचात, "काय, बरं चाललंय ना?" आणि मी उपकाराखाली वाकलेली असावी अशा थाटात पुढे जायचात. मी दात-ओठ खात नंबर टाकत राहिले.

राजधानी नागपूरहून मुंबईला गेली आणि तुम्हाला विधानसभेचे डोहाळे लागले. सत्तावनच्या निवडणुकीला तुम्ही प्राचार्यपदाचा राजीनामा देऊन आर्वीतून उभे राहिलात. गावोगाव फिरलात, पण लोक तुमचं भाषण कीर्तनासारखं भक्तिभावाने ऐकायचे आणि काही न कळता घरी जायचे. तेव्हा तुम्ही मला बोलावून घेतलंत. "तुमची ती भाषा जरा लिहून द्या. दोन-चार वाक्यं. लोकांना मी आपला वाटलो पाहिजे." मी तुमच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, सर. मला काय बोलला होतात याची खूणसुद्धा त्यावर नव्हती. ती असती, तर मी सरळ 'देजा' लिहिलं असतं.

आमच्याकडे लहानाला 'दे' या अर्थी 'देजो' म्हणतात आणि थोराला 'द्या' या अर्थी 'देजा'. बोलायला लागलेल्या पोरालाही हे कळतं. तुम्हाला कळत नव्हतं, आणि विचारावं असं तुम्हाला वाटलंही नाही.

रोहण्याच्या सभेला मी मुद्दाम आले होते, बायकांमध्ये बसले होते. समोर गावातले सगळ्यांत वडीलधारे काकाजी पागोटं घालून बसलेले. तुम्ही कागद हातात घेतलात आणि त्यांच्याकडे हात करून वाचलंत, "काकाजी, मत मलेच देजो, अन् घरच्या पोरीले शिकाले पाठवजो." बायकांमध्ये कोणीतरी पदर तोंडाला लावला. काकाजी सावकाश उठले. "मी का तुमच्या घरचा गडी होय, मास्तर? माहा पोरगाही मले देजा म्हणते." एवढं बोलून ते निघाले. त्यांच्यामागे माणसं धोतरं झटकत उठली. तुम्ही कागदात पाहत राहिलात, आणि मला इतका आनंद झाला की बाजूच्या बाईला वाटलं मी तुमच्याच पक्षाची आहे.

त्यानंतर आर्वी तालुक्यात तुमचं नाव 'देजो मास्तर' पडलं. तुम्ही पडलात. कॉलेजातली खुर्ची केव्हाच दुसऱ्याने धरली होती. तेलही गेलं, तूपही गेलं. नव्या प्राचार्यांनी पुन्हा मुलाखत घेतली आणि मला जागा मिळाली. विभागप्रमुख होऊन निवृत्त झाले.

त्याआधी, निकाल लागल्या लागल्या तुम्ही पुस्तकं परत करायला ग्रंथालयात आलात. उभ्या उभ्याच विचारलंत, "तो कागद प्रचारात कुठे हरवला कळत नाही. तुम्ही देजो लिहिलं होतं की देजा?" एव्हाना कोणीतरी तुम्हाला फरक समजावला होता. मी पुस्तकाच्या खिशात कार्ड सरकवत म्हणाले, "देजा. वाचताना जीभ चुकली तुमची."

तुम्ही बराच वेळ मान हलवत राहिलात. "खरं आहे," म्हणालात. "या वयात जमत नाही. तुमची मेहनत वाया घालवली, बाई. मला क्षमा करा." त्यानंतर तुम्ही कुठल्याच सभेत बोलला नाहीत. माझं खोटं खरं मानून गेलात.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहून ठेवते. देजो मी समजूनउमजून लिहिलं, आणि त्याचा पश्चात्ताप मला आजही होत नाही. पुन्हा सांगितलंत तर पुन्हा लिहीन. पण न केलेल्या चुकीची तुम्ही क्षमा मागितलीत तेव्हा मी मोठेपणाने "असू द्या, सर" म्हणाले. त्याची मात्र लाज वाटते.