मास्क दोनच होते

मावशी,

सौदीत कतीफला शेजारपाजारी तुला मावशी म्हणायचं असं ठरलं होतं, तेच तोंडात बसलं. पप्पांनी नाशिकच्या देवळात तुला हार घातला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आई जाऊन तीन वर्षं झाली होती. सुट्टीचे चार दिवस उरलेले. नोंदणी पुढच्या खेपेला करू, म्हणाले पप्पा. दाखल्याशिवाय बायकोचा व्हिसा मिळेना, म्हणून ओळखीच्या कफीलाने, तिथल्या हमीदार अरबाने, तुला घरकामाच्या व्हिसावर आणलं. इकाम्यावर, तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, अरबीत 'मोलकरीण' असं आलं. तू हसलीस. "असू दे गं, कामं तर तीच करायची आहेत!" पुढे दर सुट्टीत काहीतरी निघायचं आणि नोंदणी राहून जायची.

कुवेतवरून आखाती युद्ध आलं तसं ओळखीच्यांनी बायकापोरं भारतात धाडली. तू गेलीस तर परत येऊ देतील याची खात्री नव्हती, म्हणून आपण तिघंही राहिलो. बेडरूमच्या खिडक्यांना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. कंपनीने गॅस मास्क दिले ते कागदावरच्या कुटुंबापुरते, पप्पांना एक आणि मला एक. त्या संध्याकाळी सायरन वाजतो आणि तू आमटी तशीच टाकून धावत येतेस, आधी माझे पट्टे आवळतेस. मग पप्पा स्वतःचा मास्क तुझ्या तोंडावर चढवतात. तू काढतेस, ते पुन्हा चढवतात. "गप बस! तुला काही झालं तर मी काय करू?" ओला पंचा नाकाला लावून ते भिंतीला टेकतात, तुझा हात धरून. मी समोर बसून बघते आणि मला तुम्हा दोघांचा राग येतो. आईचा हात त्यांनी असा धरलेला मला आठवत नव्हता.

आपण भारतात परतल्यावर काही वर्षांनी पप्पा गेले, तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. काका म्हणाले, ही बाई आपली कोण? त्यांनी तुला पप्पांच्या घराबाहेर काढायचं ठरवलं, म्हणून तू फॅमिली कोर्टात गेलीस. बायको म्हणून जाहीर करा, एवढंच तुझं मागणं. कागदांची पिशवी तू विश्वासाने माझ्याकडे दिलीस. "यात माझा इकामा आहे बघ. मी तिकडे तुमच्याबरोबर होते त्याचा पुरावा." मी तो नेऊन काकांच्या वकिलाला दिला. माझी मलाच शिसारी येते गं.

माझ्या साक्षीत तुझ्या वकिलाने मला विचारलं, "युद्धात वडिलांनी आपला मास्क कोणाला दिला?" तू पदर सावरून पुढे सरकलीस. तुला वाटलं, आता झालंच.

"आठवत नाही," मी म्हणाले. "त्या स्वयंपाकघरात असायच्या."

तू परत मागे सरकलीस. मग वकिलाला हळूच म्हणालीस, "राहू द्या साहेब. लहान होती ती."

निकाल तुझ्याविरुद्ध गेला. तू भावाकडे गेलीस, तिथेच दोन वर्षांत संपलीस. मी कळूनही आले नाही. घरात आज मी राहते. काकांनी भरीस घातलं, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. तेही खोटं. त्यांनी मला फक्त विचारलं होतं, तुला काय आठवतं?

हे पत्र तुझ्या त्या पिशवीतच ठेवते. दुसरं कुठे पाठवणार?

मी लहान नव्हते, मावशी. बारा वर्षांची होते. मला सगळं आठवत होतं.