बाईंच्या पायाची सुतळी

॥ श्री महाकाली प्रसन्न ॥
भद्रावती, ता. ५ जानेवारी २०२६

ती. वच्छलाबाईंस,
धाकट्या भावजयीचा, दुर्गाचा, शि. सा. नमस्कार. वि. वि.

तळ्याच्या पाळीवर चढल्याशिवाय तुमच्या गावात फोन लागत नाही आणि तुम्हाला चढवत नाही, म्हणून पत्रच बरं. आमचा प्रफुल सात जणांची गाडी घ्यायची म्हणतो. आम्ही दोघं, तो नि सूनबाई रंजीता, त्यांची दोन लेकरं, आणि सातव्या तुम्ही. महाशिवरात्रीला तुम्हाला मार्कंड्याला महादेवाच्या जत्रेला न्यायचं, असं तुमच्या भावाच्या मनात आहे.

काल शोरूमात गेलो. लेकानं स्क्रीन पाहिली, सुनेनं रंग. मी घरून तांदळाचा अर्धा कट्टा, पाण्याचा डबा आणि सूप नेलं होतं. प्रफुल म्हणे, आई, काऊन लाजवतेस? मी म्हटलं, गाडीत हेच जाणार आहे. तर ऐका. मागची रांग उभी असली की सामानाला जेमतेम सूप मावतं. एक सीट पाडली तर कट्टा बसतो, पण माणूस कमी होतो. त्या रांगेत गुडघे हनुवटीला लागतात, लेकरांनाच ठीक. मधली रांग ऐसपैस, गार हवाही येते. पायरी उंच आहे, पाट ठेवून चढावं लागेल. पुढची जागा मला पाहायलाच मिळाली नाही. तिथे हे आधीच जाऊन बसले होते, आणि उतरताना टोपी ठेवून आले, एसटीत रुमाल टाकतात तशी.

आता मुद्द्याचं. पडल्यापासून तुमचा पाय वाकत नाही. एसटीत माणसं तो ओलांडून जातात, म्हणून तुम्ही निघणंच सोडलंत. बसल्या जागी कमरेपासून टाचेपर्यंत सुतळी लावा, गाठ मारा आणि पाठवा. मी ती गाडीत धरून पाहीन. तुमचा पाय मावला तरच ही गाडी. नाहीतर आम्हाला लहान गाडी पुरे.

माया आहे तेवढी ठेवा. कमी पडली तर मागून घेईन.
तुमची दुर्गा


॥ श्री मार्कंडेश्वर प्रसन्न ॥
मु. आमटोला, ता. पोंभुर्णा, १२ जानेवारी

चि. सौ. दुर्गास,
वच्छलाचे अनेक आशीर्वाद.

तुयी चिठ्ठी भेटली. अवो, शोरूमात सूप नेलं? मले असं हासू आलं का शेजारीण धावत आली, का झालं म्हणून. वावरात लाखोळी फुलावर हाय. तिळाच्या लाडूंचा डबा पाठवून राह्यली.

माह्यासाठी जीव टाकू नको. मी पोत्यावानी मांगं कुठीबी राहीन. सोमाजीले पुढंच बसू दे, घरचा कर्ता माणूस हाय. बाईमाणूस पुढं अन् तो मांगं, लोक का म्हनतील? सुतळी पाठवली हाय. पाय मावला तं मावला. नाई तं महादेवाले अंगणातूनबी हात जोडता येते.

लेकरांचे गालगुच्चे घेजो.
वच्छला


॥ श्री महाकाली प्रसन्न ॥
भद्रावती, २१ जानेवारी

ती. बाईंस शि. सा. नमस्कार.

बाई, देवाच्या कामात लबाडी!

सुतळी मधल्या रांगेत छान बसली. मी खुशीत, तेवढ्यात हे म्हणाले, थांब, मी बाई होऊन बसतो. बसले पाय ताठ करून. तुम्हा बहीण-भावाची चण एकच. आमच्या वरच्या फळीवरचा डबा तुमच्या नि यांच्याच हाताला येतो. सुतळी लावली तर नडगीवरच संपली, आणि टाच पुढच्या सीटला जाऊन टेकली. रंजीता हसली. हे हसले नाहीत. म्हणाले, माझी जागा राखायला बाईनं आपला पाय तोकडा केला.

मग पुढची सीट पार मागे सरकवली. तिथे पाय लांबच्या लांब मावला. जागा एकच आहे, बाई, आणि ती पुढची आहे. यांनी टोपी उचलली आणि मागच्या रांगेत लेकरांच्या जागेजवळ ठेवली. तुमच्या मागच्या सीटवर आता पाय सोडता येत नाहीत. तिथे मी मांडी घालीन, घरी तरी कुठे खुर्चीवर बसते? सामान टपावर.

हे सांगत होते, आई गेल्यावर तुम्हीच त्यांना खांद्यावर बसवून मार्कंड्याची जत्रा दाखवली. त्यांना सगळं दिसलं, तुम्हाला माणसांच्या पाठी.

लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. तुम्ही हो म्हणा. विसार अजून दिलेला नाही. डबा रिकामा परत करत नाही. मुरमुऱ्याचे लाडू भरून तुमच्याच खोट्या सुतळीनं बांधला आहे. खरी पाठवा.

रागावले आहे; तरी आधी त्या ताठ पायाला नमस्कार.
दुर्गा


॥ श्री मार्कंडेश्वर प्रसन्न ॥
मु. आमटोला, २८ जानेवारी

चि. सौ. दुर्गास अनेक आशीर्वाद.

डब्याची सुतळी पाह्यली अन् समजली, का मी सापडली. शेजारणीले चिठ्ठी वाचून दाखवली. म्हनलं, बाईमाणूस पुढं बसल तं कसं दिसल? ती म्हने, वच्छलाबाई, तुले पाह्याले कोन येते? तू रस्ता पाह्य.

खरी सुतळी पाठवून राह्यली. तिनंच मोजली, माह्या हातावर तिचा भरोसा नाई. सोमाजीले मांगं उशी देजो.

दुर्गे, मी जन्मभर बैलबंडीत मांगं पाय सोडून बसली. लग्न होऊन आली तवाबी तशीच. माहेर लहान लहान होत गेलेलं दिसलं, सासर कवा आलं ते समजलंच नाई. आता एकडाव रस्ता समोरून येतानी पाह्यतो.

पाट मी घरचाच घेईन. तुमी या फक्त.
वच्छला