धुराड्यातनं धूर

आउने वन्सं, लेम्पीचा नमस्कार.

तुमचे भाऊ सौनाच्या न्हाणीघरात वाफ घेता घेता गेले, तेव्हापासून माझ्या सौनाच्या धुराड्यातनं धूर नाही. तळ्यापलीकडनं तुम्ही तेवढंच बघितलंत आणि गावभर सांगत सुटलात, "लेम्पी दुःखानं खचली, शनिवारचा सौनासुद्धा सुटला. आता घर विका नि तिला वृद्धाश्रमात ठेवा."

म्हणून मी दवाखाना गाठला. तुइयु नर्सनं दोन कागद पुढं केले. पहिल्यावर होतं, गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी नाही, असे किती दिवस गेले? म्हटलं, "एकही नाही. परवाच पत्त्यांत पाद्रीबुवांना हरवलं, वर त्यांचाच केक संपवला." दुसऱ्यावर होतं, काहीतरी भयंकर होईल अशी भीती वाटते? तिथं खरं ते सांगितलं, "रोज. सौनाचं दार दिसलं तरी छाती धडधडते."

"आजी, हे नैराश्य वाटत नाही, ही भीती वाटते," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच सांगितलं, नि उपायही.

सहा आठवडे थोडं थोडं केलं. आधी नुसतं दार उघडायचं, मग गार बाकावर बसायचं. काल एकटी तासभर बसले, तुमच्या भावाला मनसोक्त शिव्या घातल्या. छाती गप्प!

हे पत्र टपालात टाकत नाही. याच कागदानं आत्ता सौनाची भट्टी पेटवते. धूर दिसला की टॉवेल घेऊन या, तुमची पाठ चांगली रगडून देते.

न खचलेली तुमची भावजय,
लेम्पी