एकाच बाजूने खरवडलेली तार

मी, खाली सही करणारा, मोजणी खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातून विरोधच आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टर म्हणतात, "काका, काळजी करू नका," पण म्हणताना माझ्याकडे न बघता फाइलकडे बघतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात मुलाचे नाव पहिले असते.

कलम १. राहते घर गच्चीसह माझ्यामागे पत्नीचे, तिच्यामागे मुलीचे. गच्चीला कुलूप असते व किल्ली पत्नीकडे असते. ती कोणी मागू नये.

कलम २. बँकेतील ठेवी पत्नीला. मुलगी म्हणते, "बाबा, मला काही नको, फक्त आईला एकटी टाकून जाऊ नका." ते माझ्या हातात असते तर हा कागद लिहावाच लागला नसता.

कलम ३. आरेखनाचे टेबल व शाईची पेने मुलीला. लहानपणी ती त्या टेबलाखाली झोपायची.

कलम ४. मेहुण्याला काहीही नाही. मुलाला स्मशानात पोचवून आम्ही घरी आलो त्याच संध्याकाळी त्याने गच्चीवरच्या लोखंडी खांबाबद्दल विचारले, "दाजी, हा भंगारात काढणार असाल तर माझ्या ओळखीचा एक माणूस आहे." हेतू वाईट नसेल. तरी नाही.

कलम ५. हे कलम लांब आहे. वकिलांची हरकत आहे, पण ते असेच राहील.

माझ्या मुलाला हौशी रेडिओचा नाद होता. रीतसर परवाना काढलेला होता. खोलीत बसून तो दूरदूरच्या अनोळखी माणसांशी तासन्‌तास बोले. घरात मात्र माझ्याइतकाच कमी बोले. त्याचा मित्र चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. आमच्याकडे त्याला सगळे चष्मेवालाच म्हणतात. दोघे मिळून सगळे बनवत. गच्चीवरचा एरियलही दोघांनीच केला. खांबाच्या टोकाला एक मधला तुकडा, त्याच्या दोन बाजूंना इनॅमलची तार, आणि तिथून खोलीत उतरणाऱ्या केबलला दोन जोड.

इनॅमलची तार नुसत्या तांब्यासारखी दिसते, पण तिच्यावर पातळ लेप असतो. तो काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. वरून गोळा छान बसलेला दिसतो, आत जोड नसतो. म्हणून टोक चहूबाजूंनी घासायचे, तांबे गुलाबी दिसले की लगेच त्यावर सोल्डरची कल्हई करायची आणि मगच जोडायचे. हे मला त्या दोघांना माझ्या टेबलावर काम करताना बघून कळले. चष्मेवाला बारीक पॉलिशपेपरची घडी करून त्यातून तार फिरवत ओढायचा. मुलगा माझे ब्लेड घ्यायचा. ट्रेसिंग कागदावरची चुकलेली रेघ मी जशी खरवडतो, तसाच तो तार खरवडायचा.

"अरे, नकाशा खोडतोयस का? फिरव की तिला!" चष्मेवाला म्हणायचा.

"तू भिंगं घास. गप."

एका सकाळी रेडिओचा आवाज तुटायला लागला. जोड सुटला असणार म्हणून मुलगा खांबावर चढला. पाय सटकला. गच्ची तिसऱ्या मजल्यावर आहे.

हॉस्पिटलच्या जिन्यात चष्मेवाला आम्हाला म्हणाला, "जोड मी केला होता." पत्नीने तेवढेच ऐकले. तेव्हापासून त्याला आमचे दार बंद आहे. "त्याच्या हातामुळे माझा मुलगा गेला," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्याही ते कानावर आहे. आम्ही रस्त्यात दिसलो की तो मान खाली घालून बाजूला होतो. याला सहा वर्षे झाली.

मृत्युपत्रासाठी वस्तू काढताना मी तो मधला तुकडा पहिल्यांदा हातात घेतला. शेजाऱ्यांनी तारा कापून तो खाली आणला होता. मी तो तसाच खोक्यात ठेवला होता. एका जोडात सोल्डर तारेत मुरलेले आहे, नख लागत नाही. दुसरा गोळा बोटाने निघून आला. त्याखाली तार एकाच बाजूने खरवडलेली आहे, ब्लेडच्या सरळ ओरखड्यांनी. दुसऱ्या बाजूला लेप जसाच्या तसा चकाकतो आहे. असे ओरखडे मी नोकरीभर काढले. कागदावरच्या रेघेला एकच बाजू असते. तारेला नसते.

मी दुकानात गेलो. म्हटले, "सुटलेला जोड तुझा नव्हता. तुला माहीत होतं?"

त्याने हातातली काच पुसून खाली ठेवली. "काका, दोन जोड होते. एक मी केला होता. खोटं कुठे बोललो?"

"पण का?"

"काकूंना कोणावर तरी रागवायला हवं होतं. तो तर गेला. त्याच्यावर कशा रागावणार?"

तरी मी लिहून ठेवतो की सुटलेला जोड माझ्या मुलाच्या हातचा होता. चष्मेवाल्याचा यात काडीचाही दोष नाही. मुलाचा रेडिओ, सोल्डरिंगचे सामान, तारांची रिळे व त्या खोलीतले सर्व यंत्रसामान त्याला द्यावे.

वकील म्हणाले, "नाना, वस्तू लिहा. कोणाचा जोड कसा होता हे इथे कशाला? आणि हे उघडणार तुमच्यामागे." दुसरे म्हणणे बरोबर होते. मी शस्त्रक्रियेतून उठलो, तर त्याने आणखी किती वर्षे मान खाली घालायची? म्हणून सही करण्यापूर्वी हे कलम मी पत्नीला वाचून दाखवले व तार तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"खोडा ते," ती म्हणाली.

"खोडणार नाही."

"तुमचाच मुलगा होता ना तो? जाता जाता त्याच्यावर ठपका ठेवून जाणार?"

"जे आहे ते लिहिलंय."

"मला नव्हतं ऐकायचं, अहो."

ती आत गेली. साक्षीदार येऊन बसल्यावर बाहेर आली आणि शेवटी थोडी जागा ठेवा म्हणाली. वकील नको म्हणतात. मी जागा सोडली आहे.

कलम ६. याप्रमाणे वाटप मुलीने करावे. माझ्यामागे कोणी भाषण करू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझा आहे व मला मान्य आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा नोव्हेंबर

(सही) लिहून ठेवणार

आमच्यादेखत सही झाली:
(सही) तळमजल्यावरचे औषधविक्रेते
(सही) मोजणी खात्यातील जुने सहकारी

कलम पाच मला वाचून दाखवले. तार मी पाहिली. ऐकून घेतले आहे, मान्य केलेले नाही. रेडिओ न्यायचा तर त्याने स्वतः यावे, माणूस पाठवू नये. त्यासाठी यांच्या जाण्याची वाट बघू नये.
(सही) पत्नी